सोने यकृतात पोहोचते, गाठीत पोहोचत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६३ वर्षांचे. जुना हेपॅटायटिस बी, सुरुवातीच्या टप्प्यातला सिरॉसिस, आणि आता यकृतात साडेचार सेंटिमीटरची एकच गाठ. निदान हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींतूनच उपजलेला कर्करोग. डॉक्टरांनी ‘टेस’ (TACE, म्हणजे धमनीतून नळीने गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया) सुचवली आहे आणि त्यानंतर प्रत्यारोपणाचा विचार करू असेही म्हटले आहे. तेवढ्यात नात्यातल्या कोणीतरी बातमी पाठवली, की एका झाडाच्या पानांपासून बनवलेल्या सोन्याच्या नॅनोकणांनी यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या आणि निरोगी पेशींना धक्का लागला नाही. तुम्ही विचारता, हे औषध कुठे मिळेल, आणि तोवर टेस दोन-तीन महिने पुढे ढकलली तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. टेस पुढे ढकलू नका. सोन्याच्या नॅनोकणांचे कर्करोगावरचे एकही मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही, मग ते पानांपासून बनवलेले असो वा रसायनांपासून. ज्याची वाट पाहायची ते येण्याच्या वाटेवरही नाही, आणि वडिलांच्या गाठीकडे तेवढा वेळ नाही.

वेळेचा हिशोब बघा. प्रत्यारोपणासाठी जगभर ‘मिलान निकष’ वापरतात. ते १९९६ पासून रूढ आहेत. गाठ एकच असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंतची चालते, आणि अनेक असतील तर जास्तीत जास्त तीन, प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत. तुमच्या वडिलांची गाठ साडेचारची आहे, म्हणजे ती या दारातून अजून आत जाते. साडेचार ते पाच हा फरक पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरचा दिसतो, पण गाठ चेंडूसारखी चहूबाजूंनी वाढते. तिचे घनफळ ३७ टक्के वाढले की पाचचा आकडा ओलांडला. या जातीच्या कित्येक गाठींना तेवढे वाढायला दोन-तीन महिने पुरतात. वाट पाहण्याच्या काळात गाठ रोखून धरणे हेही टेसचे एक काम असते.

आता मी कोण ते सांगतो. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा माणूस आहे. वनस्पतींच्या अर्कातून सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण बनवणे आणि ते पेशींवर तपासणे हे काम मी २२ वर्षे करतो आहे. तुम्ही पाठवलेल्या बातमीसारखे निकाल माझ्या स्वतःच्या प्रयोगवहीत आहेत. त्यामुळे मी हे दुरून टीका करायला लिहीत नाही. या कामावर माझा जीव आहे. म्हणूनच ते कुठपर्यंत पोहोचले आहे आणि कुठे अडले आहे, ते नीट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

हे कण बनतात कसे, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले तर यात इतके लोक का रमतात ते लगेच कळेल. दहा ग्रॅम पाने धुऊन, चिरून शंभर मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे उकळायची, गाळून घ्यायची. दुसरीकडे सोन्याच्या क्षाराचे, म्हणजे क्लोरोऑरिक आम्लाचे, अगदी विरळ द्रावण. ते फिकट पिवळे असते. त्यात पानांचा काढा थेंबथेंब सोडायचा. पिवळा रंग विरतो, द्रावण थोडा वेळ करडसर दिसते आणि मग पाच-दहा मिनिटांत कोकम सरबतासारखे लालजांभळे होते. पानांतली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, शर्करा ही द्रव्ये सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, सुटे अणू एकत्र येऊन कण तयार होतात, आणि त्याच काढ्यातली प्रथिने व इतर रेणू कणाभोवती वेष्टण घालतात. पंधरा-वीस नॅनोमीटरचा कण साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला तो लाल दिसतो. घरगुती गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते, तीही बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. निदानात हे सोने कधीच पास झाले आहे. उपचाराची परीक्षा मात्र वेगळी आहे.

लाल सोने काही नवे नाही. मायकेल फॅरेडेने १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर त्यावर व्याख्यान दिले, आणि त्याच्या हातचे द्रावण रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवले आहे. १९५१ साली टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाने सायट्रेट वापरून असे कण बनवण्याची कृती दिली, ती आम्ही अजून वापरतो. पानांच्या अर्काची वाट मात्र मोठ्या प्रमाणात आपल्या पुण्यात रुंद झाली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या गटाने २००३-०४ च्या सुमारास जिरेनियम, कडुनिंब यांच्या पानांवर काम केले. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे बनवून दाखवले. आपण चहात टाकतो त्याच गवताच्या काढ्यात सोन्याचे सपाट त्रिकोण वाढतात, हे त्या सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत पाहताना मी हरखून गेलो होतो. त्यानंतर चिंच, कोरफड, हळद, तुळस, शेवगा असे करत बहुधा आपल्या परसातले एकही झाड उरले नसेल.

तिथेच गोम आहे. झाड बदलले की नवा शोधनिबंध होतो. प्रत्येक निबंधात शेवटी थोड्या पेशी मारून दाखवतात, कारण त्याशिवाय ‘उपयोग’ दिसत नाही. तुमच्यापर्यंत आलेली बातमी अशाच एखाद्या निबंधाच्या शेवटच्या आकृतीतून निघालेली असणार.

त्या आकृतीत काय असते ते जवळून पाहू. प्लास्टिकची एक ताटली, तिच्यात ९६ खळगे, प्रत्येक खळग्याच्या तळाशी पेशींचा एक थर. यकृताच्या कर्करोगासाठी बहुतेक वेळा ‘हेप-जी-टू’ ही पेशीजात घेतात. आम्ही ती पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवतो. ही जात १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या गाठीतून वाढवली गेली. पुढे २००९ साली मूळ नोंदी पुन्हा तपासल्यावर स्पष्ट झाले, की त्या मुलाचा आजार हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा नव्हता. तो हेपॅटोब्लास्टोमा होता, लहान मुलांत होणारा निराळा कर्करोग. म्हणजे ‘यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या’ असे लिहिणाऱ्या कित्येक निबंधांत तुमच्या वडिलांच्या आजाराच्या पेशी नसतातच. त्यात सिरॉसिसने कडक झालेले यकृत नसते, रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात.

मग मोजमाप. पेशी जिवंत किती हे पाहायला ‘एमटीटी’ नावाचे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात आणि तो जांभळा रंग ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. पण आमचे कणही लालजांभळेच, त्याच पट्ट्यात प्रकाश शोषणारे. शिवाय पानांतली पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलू शकतात. आकडा दोन्ही बाजूंना झुकू शकतो. पेशी न घातलेल्या खळग्यांत फक्त कण आणि रंग घालून पाहिले का, हा माझा पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न असा, की न वापरला गेलेला सोन्याचा क्षार धुऊन काढला का? कारण क्लोरोऑरिक आम्ल स्वतःच पेशींना घातक आहे. चांगले डायलिसिस, म्हणजे पडद्यातून क्षार धुऊन काढणे, न करता घातलेल्या द्रावणात पेशी कणांमुळे मेल्या की उरलेल्या क्षारामुळे, हे सांगता येत नाही. आणि तिसरा, नुसत्या पानांच्या काढ्याने किती मेल्या? माझ्याच एका जुन्या प्रयोगात काढा एकटा जवळपास तेवढेच काम करत होता. सोन्याचा वाटा नगण्य होता. तो निकाल आम्ही छापला, पण त्याची बातमी कोणी केली नाही.

‘निरोगी पेशींना धक्का लागला नाही’ हे वाक्यही असेच तपासून घ्यायला हवे. बहुतेक वेळा त्या निरोगी पेशी मूत्रपिंडाच्या किंवा उंदराच्या त्वचेखालच्या असतात. माणसाच्या यकृतातल्या ताज्या पेशींवर तुलना केलेली क्वचित दिसते.

हे सगळे सुधारता येण्यासारखे आहे आणि चांगल्या प्रयोगशाळा ते सुधारतातही. खरी अडचण पुढची आहे, आणि सगळ्यांत जास्त लिहावे असे मला तीच वाटते.

लोक मला म्हणतात, सर, नॅनोकण शिरेतून दिले की बहुतांश यकृतातच जातात म्हणे. मग यकृताच्या कर्करोगासाठी तर हे सोन्याहून पिवळे! ऐकायला पटते, पण प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. यकृतातल्या रक्ताच्या बारीक वाटांमध्ये कुप्फर पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात. रक्तातून वाहत आलेला जंतू, मेलेल्या पेशीचा तुकडा, कुठलाही उपरा कण दिसला की त्या तो गिळतात. सोन्याचा कण रक्तात शिरताच त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो. पानांतून आलेले ‘औषधी’ वेष्टण त्याखाली झाकले जाते, आणि कुप्फर पेशी त्या थरावरून त्याला ओळखतात. गाठीत मात्र कुप्फर पेशी कमी असतात, गाठ जितकी बिघडलेली तितक्या आणखी कमी. म्हणजे सोने यकृताच्या उरल्यासुरल्या चांगल्या भागात साठते आणि गाठ कोरडी राहते.

हा माझा तर्क नाही. डॉक्टरांनी याच गोष्टीचा निदानासाठी वापर केलेला आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत यकृताचे चित्र काढायला रुग्णांना किरणोत्सारी सोन्याचे, म्हणजे सोने-१९८ चे कलिल (सूक्ष्म कण तरंगत असलेले द्रव) शिरेतून देत असत. यकृत उजळून निघे आणि जिथे गाठ असे तिथे काळा रिकामा डाग दिसे. त्याला ‘थंड डाग’ म्हणत. सोने तिथे गेलेले नाही म्हणूनच गाठ ओळखू येई. पुढे १९९० च्या दशकात एमआरआयसाठी लोहाचे नॅनोकण आले, त्यातही तेच. चांगले यकृत काळवंडे आणि गाठ उजळ राही. सत्तर वर्षांपूर्वी रुग्णालयांतल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवर जे स्पष्ट दिसत होते, ते आज पानांच्या अर्काचे निबंध लिहिताना आम्ही विसरतो, याची मला खंत वाटते.

आता आकडे मांडू, तुमच्या वडिलांच्याच गाठीचे. साडेचार सेंटिमीटरची गाठ म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. ताटलीत पेशी मारायला प्रति मिलिलिटर ५० मायक्रोग्रॅम सोने लागले असे धरू. असे आकडे या निबंधांत नेहमी असतात. मग गाठीत सुमारे २.४ मिलिग्रॅम सोने पोहोचायला हवे. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले असे प्रयोग गोळा करून हिशोब केला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के निघाला, तोही प्राण्यांमध्ये. त्या हिशोबाने वडिलांच्या शिरेतून सुमारे ३४० मिलिग्रॅम सोने द्यावे लागेल. सराफाच्या भाषेत जवळपास तीन गुंजा. त्यातले फार थोडे गाठीत जाईल आणि बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जाऊन बसेल.

आणि बसेल म्हणजे बसेलच. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठे कडक कण मूत्रपिंडातून गाळले जात नाहीत. आमचे कण दहा ते पन्नासचे. उंदरांना ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण देऊन केलेल्या एका अभ्यासात, पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत यकृतातले सोने जेमतेम ९ टक्के कमी झाले. निरोगी उंदराच्या यकृताला ते झेपले असेल. सिरॉसिस झालेल्या, हेपॅटायटिसचा विषाणू वागवणाऱ्या, ६३ वर्षांच्या माणसाच्या यकृताला ते झेपेल का, हे कोणी तपासलेले नाही. ते तुमच्या वडिलांवर तपासले जावे असे मला वाटत नाही.

मला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या कामाची छोटी बातमी छापून आली होती. मी बातमीदाराशी उत्साहाने बोललो होतो. तीन दिवसांनी एक गृहस्थ प्रयोगशाळेच्या फाटकावर आले. एसटीने रात्रभर प्रवास करून आलेले. हातात पत्नीच्या तपासण्यांची फाईल आणि स्टीलचा घासून स्वच्छ केलेला थर्मास. औषध थंड ठेवावे लागेल असे त्यांनी गृहीत धरले होते. माझ्या टेबलावर लाल द्रावणाची बाटली होती. ते तिच्याकडे पाहत म्हणाले, “साहेब, थोडंसं द्या. मोजून द्या.” मी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, की आज रुग्णालयात केमोची तारीख होती, ती सोडून आलो. त्या दिवसापासून मी कुठल्याही लेखात, भाषणात, विद्यार्थ्याच्या प्रबंधात ‘कर्करोगावर उपचार’ हे शब्द घालू देत नाही. ‘पेशींवर परिणाम’ लिहा, एवढेच म्हणतो.

माणसांपर्यंत सोन्याचे कोणते कण पोहोचले, असे तुम्ही विचाराल. थोडे पोहोचले. कणावर ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे प्रथिन चढवून अमेरिकेत पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. औषध सोसले गेले, पण ते बाजारापर्यंत आलेले नाही. दुसरे काम प्रोस्टेटचे. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच असलेले कण शिरेतून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गाठीत लेझरचा धागा घालून ते तापवायचे. २०१९ साली १६ पुरुषांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यांतल्या १५ जणांत प्रक्रिया पार पडली. त्यात लेझर जिथे पडतो तिथेच कण तापतात, बाकी शरीरात गेलेले सोने निष्क्रिय राहते. ही हुशारी महत्त्वाची आहे. पण हे दोन्ही प्रकार कारखान्यात काटेकोरपणे बनवलेले, पानांपासून नव्हेत, आणि यकृताच्या कर्करोगासाठीही नव्हेत.

वनस्पतींच्या बाजूने सर्वांत चिकाटीचे काम मला मिसुरी विद्यापीठातल्या कट्टेश कट्टी यांचे वाटते. ते कर्नाटकातून तिकडे गेलेले. डिंक आणि चहातले ईजीसीजी हे द्रव्य वापरून त्यांच्या गटाने किरणोत्सारी सोन्याचे कण बनवले. २०१२ च्या त्यांच्या निबंधात उंदरांतल्या प्रोस्टेटच्या गाठी २८ दिवसांत नियंत्रण गटाच्या तुलनेत ८० टक्के लहान राहिल्या. पण कण शिरेतून दिलेले नव्हते, सुईने थेट गाठीत सोडलेले होते, आणि मारण्याचे काम सोने-१९८ च्या किरणांनी केले. चहाच्या द्रव्याने कणाला गाठीत धरून ठेवले. वनस्पतीची ही भूमिका मला पटते. वेष्टण म्हणून, चिकटवणारा हात म्हणून.

म्हणूनच यकृतासाठी या कल्पनेला कधी यश आले तर ते शिरेच्या वाटेने येणार नाही, असे माझे मत आहे. निसर्गाने यकृतात एक सोय करून ठेवली आहे. चांगल्या यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिनी शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ जवळपास सगळे रक्त यकृत-धमनीतून ओढते. टेस याच फरकावर उभी आहे. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवत गाठीच्या फांदीपर्यंत नेतात, तिथे औषध सोडतात आणि वाट बंद करतात. इट्रियम-९० चे किरणोत्सारी मणी त्याच वाटेने देतात. तेही कणच आहेत, पण २० ते ६० मायक्रोमीटरचे, म्हणजे आमच्या कणांच्या हजारपट मोठे. ते गाठीच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि कुप्फर पेशींना सापडत नाहीत. कोणी विद्यार्थी यकृताच्या कर्करोगावर सोन्याचे काम करायचे म्हणाला की मी त्याला आधी हस्तक्षेप-रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ही नळी घालणाऱ्या डॉक्टरकडे, एक दिवस उभे राहायला पाठवतो. नळी कशी जाते ते पाहून आल्यावर प्रश्न आपोआप बदलतात.

आणि पुरावा म्हणजे काय ते टेसवरूनच पाहा. २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँग अशा दोन ठिकाणच्या चाचण्यांनी ती रुग्णांचे आयुष्य वाढवते हे दाखवले. बार्सिलोनात दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण टेस घेणाऱ्यांत ६३ टक्के आणि फक्त आधार-उपचार घेणाऱ्यांत २७ टक्के होते. हे खळग्यांतल्या पेशींचे आकडे नाहीत, माणसांचे आहेत.

वनस्पतींतून कर्करोगाचे औषध येतच नाही, असे कृपया समजू नका. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आले, ज्याने रक्ताच्या कर्करोगाची किती मुले वाचवली. आपल्या सह्याद्रीतला नरक्या घ्या, ज्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या आपण वाचतो. त्यात कॅम्प्टोथेसिन असते. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळे काढले गेले आणि १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना ते नरक्यात सापडले. १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. मग रेणूत बदल करत करत १९९६ साली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन अमेरिकेत मान्य झाली. ३० वर्षे लागली, आणि तेही एकच, नेमका, काट्यावर तोलता येणारा रेणू हातात असताना. पानांच्या काढ्यात शेकडो रेणू असतात. चैत्रातल्या कोवळ्या कडुनिंबाचे कण आणि श्रावणातल्या जून पानांचे कण आमच्याकडे कधीच एकसारखे आलेले नाहीत. आकार वेगळा, वेष्टण वेगळे, रंगही किंचित वेगळा. प्रत्येक घाण्यात निराळे निघणारे औषध शिरेतून देता येत नाही. त्यात जिवाणूंच्या आवरणातले विष, एंडोटॉक्सिन, उतरलेले असते. पानांवर जिवाणू असतातच, आणि उकळून किंवा गाळून ते विष पुरते जात नाही. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली जाहीर झाली. आमच्यासारख्यांचे बहुतेक कण त्यातल्या पहिल्याच पायरीवर, म्हणजे दर वेळी तेच आणि तसेच बनवून दाखवण्यावर, अडतात.

तुम्ही पुढे लिहिले आहे, की नॅनोकण मिळणार नसतील तर तोवर सुवर्णभस्म आणि त्याच झाडाच्या पानांचा रस सुरू करू का. कृपया करू नका, निदान यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. भस्म भट्टीत पुन्हा पुन्हा पुट देऊन बनते, त्याचा प्रयोगशाळेतल्या लाल द्रावणाशी फक्त सोने एवढाच संबंध आहे. तोंडाने घेतलेले धातूरूप सोने आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. त्याहून मला काळजी पानांच्या रसाची आणि काढ्यांची वाटते. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर वाद झाला, पण सिरॉसिसच्या रुग्णाने तो धोका का पत्करावा? टेस करता येते की नाही हे उरलेल्या यकृताच्या ताकदीवर ठरते. एखाद्या काढ्याने बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे रक्तातले द्रव्य) चढले, पोटात पाणी झाले, तर डॉक्टरांना टेस थांबवावीच लागेल, आणि गाठ वाढत राहील.

कोणी ‘नॅनो-गोल्ड थेरपी’ म्हणून बाटली किंवा इंजेक्शन विकायला आले, तर त्यांच्याकडे सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या औषधांच्या चाचण्या त्या सरकारी नोंदवहीत असतात आणि ती कोणालाही इंटरनेटवर उघडून पाहता येते. प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत असतील तर तिथून उठून या. खऱ्या चाचणीत शिरायची इच्छा असेल तर परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात विचारा. तिथे दुसरे मतही मिळेल, फक्त त्यासाठी टेसची तारीख सोडू नका. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून आधीच समजून घ्या.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा तीन टप्प्यांच्या सीटीची सीडी बरोबर न्या, नुसता छापील अहवाल नको. रक्तातल्या एएफपीचे (या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाचे) आधीचे सगळे आकडे तारखेनुसार लिहून न्या. हेपॅटायटिस बीच्या विषाणूवरचे औषध, म्हणजे टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिर, सुरू आहे का ते विचारा. गाठीच्या धावपळीत ते कधी कधी राहून जाते, आणि विषाणू जागा राहिला तर उरलेले यकृतही झिजत जाते.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. वडिलांना हेपॅटायटिस बी आहे. तुम्ही, तुमची भावंडे, आई, घरातली मुले, या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हेपॅटायटिस बीचा संसर्ग शोधणारी तपासणी झाली आहे का? साध्या रक्ताची तपासणी आहे, गावातल्या प्रयोगशाळेतही होते. ज्यांना संसर्ग नाही आणि ज्यांची लस झालेली नाही त्यांना लस देता येते. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढीच्या मुलांमध्ये यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला. ज्यांना संसर्ग आढळेल त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल का ते डॉक्टर सांगतील. वडिलांची टेस ज्या दिवशी आहे, त्याच दिवशी तिथल्याच प्रयोगशाळेत तुमचेही रक्त देऊन या.